दुर्बिणीचे पेच आणि नेमाचा भरवसा

जयपूरचा राजा सवाई जयसिंह ह्याने आकाशाचे वेध घेण्यास आरंभ केला, तेव्हा प्रथम त्याने जुन्या ग्रंथांत वर्णिल्याप्रमाणे पितळेचीच यंत्रे करवून पाहिली होती. परंतु त्यांचे आस झिजतात, वर्तुळांची केंद्रे ढळतात आणि त्यांच्या पातळ्या जागच्या हलतात, सबब त्यांवरून घेतलेल्या वेधांवर विसंबता येत नाही, असा आपला अनुभव त्याने ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद करून ठेविला आहे. ह्या कार्यात त्याला साह्य करणारे, आणि युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ ह्या नावाने संस्कृतात आणणारे पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय होते. दगड आणि चुना ह्यांच्या भरवशावर जयपुरात सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र उभे राहिले आणि यंत्र हलण्याचा प्रश्नच मुळातून निकालात निघाला. बंदूक खांद्याला लावून नेम धरणाऱ्या माणसाला मात्र ही सोय नाही. त्याचे वेधयंत्र, मग ती दुर्बीण असो वा छिद्रातून पाहावयाची डायॉप्टर साइट असो, चार-सहा बारीक पेचांच्या आधाराने अशा एका वस्तूवर बसविलेले असते, की जी प्रत्येक बाराला हादरते, उन्हात तापते, थंडीत आकसते आणि पेटीतून गावोगाव हिंडते. ते पेच घट्ट कसे राहतील, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

हा विषय जयपुरात निघावा ह्यात नवल नाही. शहराच्या जगतपुरा भागातील नेमबाजी केंद्रावर सराव केलेल्या अवनी लेखरा हिने टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये ३० ऑगस्ट २०२१ रोजी दहा मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक मिळविले आणि २०२४ मध्ये पॅरिस येथे तेच पदक पुन्हा जिंकले; नेमबाज अपूर्वी चंदेला हीही ह्याच शहराची. नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था १९५१ मध्ये स्थापन झाली, ती लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर ह्यांच्या पुढाकाराने, आणि आजही त्यांच्याच नावाची स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर नेमबाजांची परीक्षा घेते. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला मज्जाव आहे, हे येथे सांगून ठेवावयास हवे. तेथे डायॉप्टर साइट चालते. परंतु पेचांचे शास्त्र दोहींना समान आहे, आणि हौसेने छर्र्याच्या बंदुकीवर दुर्बीण बसविणारांची संख्या तर आपल्याकडे वाढतच आहे.

कायद्याची मर्यादा

पान्याला हात घालण्यापूर्वी दोन शब्द कायद्याविषयी. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील २०१६ चे नियम ह्यांप्रमाणे ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी शक्तीच्या हवाई बंदुकीस परवाना लागत नाही. त्यापलीकडील हत्याराला लागतो. अग्निशस्त्राची दुरुस्ती करण्याचा धंदा हाही परवान्याचाच विषय आहे. सबब बसविलेल्या दुर्बिणीचे पेच तपासणे व आवळणे ही मालकाची नित्याची निगा असली, तरी नळीच्या घरावर नवी भोके पाडणे किंवा आटे मारणे हे काम परवानाधारक कारागिराकडेच सोपवावे. शिकारीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मनाई केली आहे, तेव्हा येथील सर्व विवेचन कागदी लक्ष्यापुरते आहे असे समजावे.

घट्ट म्हणजे काय

बहुतेकांची अशी समजूत असते, की पेच जितका जोराने पिळावा तितका तो घट्ट बसतो आणि तितकाच तो टिकतो. ही समजूत अर्धवट आहे, आणि दुर्बिणीच्या नाशाची निम्मी कारणे हिच्यात सामावलेली आहेत. पेच आवळला जातो तेव्हा त्याचा दांडा यत्किंचित ताणला जातो, आणि पूर्वस्थितीला येण्याची त्याची जी ओढ, तीच दोन पृष्ठांना एकमेकांवर दाबून धरते. आपण लावलेल्या पिळाचा सुमारे नऊ-दशांश भाग पेचाच्या डोक्याखालील व आट्यांतील घर्षणातच खर्ची पडतो. उरलेल्या दशांशाने हा ताण निर्माण होतो. सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा आणि आठ मिलिमीटर लांबीची पकड असलेला पोलादी पेच योग्य आवळल्यावर किती लांबतो, असे विचाराल तर उत्तर आहे एक शतांश मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे डोक्याखाली रंगाचा पातळ थर राहिला, रिंगेच्या बैठकीत तेलकट धूळ राहिली किंवा पृष्ठावरचा खडबडीतपणा पहिल्या काही बारांत दबला, आणि एवढेच अंतर मोकळे झाले, की पेच एक अंशही न फिरता आतला सगळा ताण नाहीसा होतो.

दुसरी गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती हादऱ्यांविषयी. गेरहार्ड युंकर ह्या जर्मन अभियंत्याने १९६९ साली असे दाखवून दिले, की पेच सैल होतो तो मुख्यतः त्याच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्याने नव्हे, तर जोडलेली पृष्ठे एकमेकांवर आडवी सरकल्याने. पृष्ठे सरकली की आट्यांतील घर्षणाची पकड क्षणभर सुटते आणि पेच आपोआप उलटा फिरू लागतो. स्प्रिंग वॉशर घालूनही ह्या प्रकाराला फारसा आळा बसत नाही, हेही अशाच चाचण्यांतून दिसून आले. ह्यावरून निष्पन्न होणारा नियम साधा आहे: पृष्ठे स्वच्छ असावीत, दाब पुरेसा व सारखा असावा, म्हणजे सरकण्यास वावच राहणार नाही. पेच टिकतो तो स्वच्छतेने आणि मोजमापाने. मनगटाच्या जोराचा वाटा त्यात थोडा आहे.

एवढ्या सूक्ष्म हालचालीने काय बिघडणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटर अंतर असेल आणि त्यांपैकी एक ०.०२ मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर नेम २ मिलिमीटरने आणि पन्नास मीटरवर १० मिलिमीटरने ढळतो. आणि पन्नास मीटर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच मुळी १०.४ मिलिमीटर असतो. डायॉप्टरमध्ये पुढील व मागील साइटांमधील अंतर अधिक असल्याने हा दोष सौम्य होतो, परंतु नाहीसा होत नाही.

दोष ओळखणे

छर्रे एकाच दिशेला क्रमाने सरकत जाणे, किंवा दोन निरनिराळ्या ठिकाणी आलटून पालटून पडणे, ही सैल जोडाची ठळक लक्षणे होत. अशा वेळी दुर्बिणीच्या बुंध्या, म्हणजे नेम जुळविण्याच्या गोल कळा, फिरवून नेम सुधारू पाहणे ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण सैल वस्तूला बुंधीने कितीही दुरुस्त केले तरी ती पुढच्याच बाराला नवी जागा धरते. प्रथम बंदूक रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी. हवेचा बाटला असेल तर उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे तो सोडवावा. नंतर तीन जोड क्रमाने पाहावेत: बंदुकीवर बसविलेली पट्टी म्हणजे बेस, त्या बेसवर बसणारी रिंगेची पकड, आणि दुर्बिणीच्या नळीवर बसणारी रिंगेची टोपी. चौथा जोड पुष्कळदा विसरला जातो. तो म्हणजे लाकडी वा अन्य दस्त्यात यंत्रभाग धरून ठेवणारे पेच. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून हे पेच सैल होतात, आणि त्यांची सैलता दुर्बिणीच्या माथी मारली जाते.

अभिनव बिंद्रा ह्यांचे उदाहरण ह्या संदर्भात बोधप्रद आहे. बीजिंग येथे २००८ मध्ये अंतिम फेरीच्या आधीच्या सराव-नेमांत त्यांचा पहिला छर्रा चौथ्या वर्तुळाकडे गेला होता. साइट जागची हलली होती. ते न गांगरता हिशेबाने दुरुस्ती करू शकले आणि भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णपदक त्यांनी मिळविले. सामान्य नेमबाजाच्या अंगी ते मनोधैर्य नसेल. परंतु साइट हलली की नाही हे एका दृष्टिक्षेपात सांगणारी खूण त्याला आपल्या रायफलवर आधीच करून ठेवता येते. ती कशी करावी हे पुढे येईलच.

साहित्य आणि सफाई

आवश्यक साहित्य फार नाही. पेचाच्या खाचेत बरोबर बसणारी उत्तम प्रतीची ॲलन की किंवा टॉर्क्स बिट, लहान मापांचा टॉर्क, म्हणजे पीळ, दाखविणारा पेचकस, जुना दातघासणीचा ब्रश, धागे न सुटणारे फडके आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल, इतके पुरे. चावी खाचेत ढिली बसत असेल तर तिने काम करूच नये. खाच गोल झालेला पेच काढण्याचा त्रास नव्या चावीच्या किमतीच्या कैक पटींनी अधिक असतो. चपट्या खाचेच्या जुन्या पेचांना दोन्ही बाजू समांतर घासलेला पेचकस लागतो. पाचरीसारखे निमुळते तोंड खाचेतून वर निसटते आणि डोक्याची कड फाडते.

सर्व पेच काढून ते कोणत्या भोकातले, हे कागदावर मांडून ठेवावे. एकाच बेसचे पुढचे आणि मागचे पेच लांबीने भिन्न असू शकतात. पेच, भोक, बेसची खालची बाजू आणि रिंगेच्या आतील बाजू अल्कोहोलने पुसून कोरड्या कराव्यात, मात्र हे द्रावण दुर्बिणीच्या भिंगांवर वा दस्त्याच्या पॉलिशवर सांडू देऊ नये. आंधळ्या भोकात, म्हणजे ज्याला पलीकडे तोंड नाही अशा भोकात, तेल साचले असेल तर ते अवश्य टिपून घ्यावे. त्यानंतर बेस न ठेवता प्रत्येक पेच रिकाम्या भोकात बोटांनी फिरवून तो किती आत जातो ते पाहावे, आणि बेसच्या जाडीचा हिशेब करून तो तळाला टेकणार नाही ना, ह्याची खात्री करावी. तळाला टेकलेला पेच हाताला घट्ट लागतो, परंतु बेसला मुळीच दाबत नाही; सर्व काही बरोबर असूनही बेस हलतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच निघते.

आवळण्याची रीत

बेस बसविताना पेच प्रथम बोटांनी टेकवावेत आणि मग आळीपाळीने आवळावेत. रिंगेची आडवी कडी बेसच्या खाचेत असते, ती बंदुकीच्या तोंडाकडे पुढे दाबून मगच तिचा नट आवळावा, कारण बाराच्या धक्क्याने बंदूक मागे येते, दुर्बीण जागीच राहू पाहते, म्हणजे बंदुकीच्या हिशेबाने पुढे सरकू पाहते. कडी आधीच पुढे टेकलेली असेल तर सरकण्यास जागा उरत नाही. स्प्रिंगच्या हवाई बंदुकीत मात्र उलटासुलटा प्रकार आहे. तिचा पिस्टन पुढे झेपावताना बंदूक मागे येते, आणि तो नळकांड्याच्या टोकाशी आदळताच ती झटक्याने पुढे जाते. ह्या दुहेरी धक्क्याने, बंदूक अल्पशक्तीची असूनही, दुर्बीण हळूहळू मागे सरकत जाते. अशा बंदुकीवर पकडीचा अडसर, म्हणजे स्टॉप पिन, बंदुकीवरील भोकात नेमका उतरलेला असलाच पाहिजे, आणि दुर्बीणही दुहेरी धक्का सोसणारी निवडावी. आपल्याकडील बहुतेक हौशी नेमबाजांचा आरंभ स्प्रिंगच्याच बंदुकीने होतो, म्हणून ही सूचना त्यांनी विशेष ध्यानी घ्यावी.

रिंगेच्या टोप्या आवळण्यापूर्वी दुर्बिणीचे डोळ्यापासूनचे अंतर आणि तिच्यातील फुलीचे सरळपण साधून घ्यावे. नंतर तबलजी समोरासमोरच्या घरांवर हातोडी चालवून पुडी स्वरात आणतो, त्या रीतीने समोरासमोरचे पेच अर्धा-अर्धा फेरा देत तीन टप्प्यांत आवळावेत, आणि टोपी व रिंग ह्यांमधील फट दोन्ही बाजूंस समान राहते की नाही ते पाहत जावे. एका बाजूस फट बंद आणि दुसऱ्या बाजूस मोकळी असेल, तर टोपी नळीला वाकडी चावते.

पिळाचे आकडे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असतात आणि तेच प्रमाण मानावेत. केवळ अंदाज यावा म्हणून सांगावयाचे, तर टोप्यांच्या पेचांना सामान्यतः १५ ते १८ इंच-पौंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर, बेसच्या बारीक पेचांना त्याच्या आसपास किंवा किंचित अधिक, आणि पिकाटिनी ह्या नावाच्या आडव्या खाचांच्या पट्टीवरील जाड पोलादी आडव्या नटांना कित्येकदा ६५ इंच-पौंड, म्हणजे सुमारे ७.३ न्यूटन-मीटर, इतका पीळ सांगितलेला आढळतो. ॲल्युमिनियमच्या पकडींना तो पुष्कळ कमी असतो. टोप्या अतिरिक्त आवळल्या तर दुर्बिणीची पातळ नळी चेपते आणि आतील भिंगांचे सरकते घर अडखळू लागते. मग बुंधी फिरविली तरी नेम हलत नाही, आणि हलला तर दोन बारांनंतर एकदम हलतो. आटे तेलकट किंवा ओले असतील तर त्याच पिळाने ताण अधिक पडतो, हेही विसरू नये.

आटे पकडून ठेवणाऱ्या द्रवाचा, म्हणजे बाजारात लॉकटाइट ह्या नावाने मिळणाऱ्या पदार्थाचा, उपयोग कोठे करावा ह्याविषयी मतभेद असतात. व्हर्नन क्रीबल ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये शोधलेला हा द्रव हवेत पातळ राहतो आणि हवा न पोहोचणाऱ्या धातूच्या फटीत घट्ट होतो. बेसच्या पेचांना निळ्या, मध्यम ताकदीच्या द्रवाचा एक लहान थेंब आट्यांवर द्यावा आणि चोवीस तास बंदूक वापरू नये. तांबडा द्रव येथे वर्ज्य समजावा; त्याने बसलेला पेच चांगलाच तापविल्याशिवाय सुटत नाही. टोप्यांच्या पेचांना बहुधा द्रवाची गरज नसते, आणि आडव्या नटांना, ते वारंवार काढावे लागत असल्याने, तो लावूच नये. द्रव ट्रिगरच्या यंत्रणेत ओघळू देऊ नये, आणि त्याच्याऐवजी झटपट चिकटणारा घरगुती गोंद तर कदापि वापरू नये. कारखान्याचा आकडा कोरड्या पेचासाठी असेल, तर द्रव लावल्यावर तो थोडा कमी धरावा.

आडव्या धनुष्यालाही, ज्यास क्रॉसबो म्हणतात, हेच नियम लागू आहेत. तेथे दारूचा स्फोट नसला तरी बाण सुटल्यावर दोर एकदम थांबतो आणि भुजांत उरलेली शक्ती साऱ्या सांगाड्याला थरकाप भरविते. म्हणून दुर्बिणीबरोबर भुजांचे मोठे बोल्टही प्रत्येक सत्रापूर्वी पाहावेत, आणि बाण न लावता दोर सोडण्याचा मोह कधीही करू नये.

खूण, नोंद आणि ऋतुमान

पेच योग्य पिळाने आवळून झाला, की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर जाणारी एक बारीक सरळ रेघ रंगाच्या पेनाने किंवा नखांच्या पॉलिशने ओढावी. पेच फिरला तर रेघ तुटलेली दिसते. रिंगेच्या कडेला नळीवर आणि डायॉप्टरच्या पायाशी पट्टीवर अशीच रेघ असावी; सरकणे आणि फिरणे हे दोन वेगळे दोष आहेत आणि दोहोंना स्वतंत्र खूण लागते. पहिल्या वीस-पंचवीस बारांनंतर, पृष्ठे दबून बसल्यावर, द्रव न लावलेले पेच पूर्वीच्याच आकड्यावर टॉर्क पेचकसाने पुन्हा तपासावेत. द्रव लावलेल्या पेचांना मात्र फक्त डोळ्यांनी पाहावे. ते ‘थोडे आवळून पाहू’ म्हणून हलविले, की जमलेला द्रव तुटतो आणि त्याचा उपयोग संपतो.

एक लहान नोंदवही पेटीत ठेवावी. तारीख, प्रत्येक जोडाचा पीळ, द्रव लावला की नाही आणि त्या दिवशीचा झिरो, म्हणजे नेम व छर्रा एकाच जागी आणणारी साइटची जुळणी, एवढा मजकूर पुरे. जयपूरच्या हवेत ह्या दप्तराचे महत्त्व अधिक आहे. मे महिन्याच्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे ह्यांमध्ये येथे चाळीस अंशांच्या घरातले अंतर पडते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तीस मिलिमीटरची ॲल्युमिनियम नळी पोलादी रिंगेत असेल तर एवढ्या फरकाने दोहोंच्या मापांत सुमारे एक शतांश मिलिमीटर तफावत पडते, आणि आपल्या पेचाचा सगळा ताण तेवढाच असतो हे वर आलेच आहे. म्हणून उन्हाळ्याच्या आरंभी आणि थंडीच्या आरंभी असे वर्षातून दोनदा पेच तपासावेत, बंद मोटारीत रायफल तापू देऊ नये, आणि आंधीचे दिवस संपले की जोडांवरची वाळू ब्रशने झाडून मगच पाना लावावा. कोकणात वा मुंबईत राहणाऱ्यांनी धुळीच्या जागी गंज असे वाचावे आणि पावसाळ्यानंतर पेचांची डोकी तेलाच्या बोटाने पुसावीत; आट्यांत मात्र तेल जाऊ देऊ नये.

इतके करूनही तोच पेच पुनःपुन्हा सैल होत असेल, तर दोष आवळण्यात नसून आटे झिजले आहेत, भोके सरळ रेषेत नाहीत किंवा माउंटच, म्हणजे बेस व रिंगा हा सारा संचच, हलक्या धातूचा आहे असे समजावे. डोके घासलेला पेच परत वापरण्याची काटकसर करू नये. तो बदलावा, आणि भोकाचेच आटे गेले असतील तर कारागिराकडे जावे. सरतेशेवटी, सामन्याच्या आदल्या रात्री कोणत्याही पेचाला हात लावू नये. नव्याने आवळलेला जोड काही बार झाल्याशिवाय आपल्या जागी स्थिरावत नाही आणि त्याचा झिरो पुन्हा पाहावा लागतो; स्पर्धेत तयारी व सराव-नेम ह्यांसाठी मिळून मिळतात ती पंधरा मिनिटे, आणि ती अंदाज घेण्यासाठी असतात, दुरुस्तीसाठी नव्हे. तपासणी आठवडाभर आधी पुरी करावी, आदल्या रात्री केवळ रेघा पाहाव्यात, आणि त्या अखंड असतील तर पेटी बंद करून झोपावे.